दहा मिनिटांत विजेतेपद : शूट आउटला स्नूकर म्हणायचं का?

खडूधारी (धागाकर्ता)

मंडळी, इथे क्रिकेट, कबड्डी, झालंच तर बुद्धिबळावर धो धो लिहिलं जातं. स्नूकरला कुणी वाली नाही, म्हणून मीच धागा काढतोय.

इंग्लंडातल्या लेस्टरला डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या स्नूकर शूट आउटची फायनल काल रात्री पुन्हा बघितली. टॉम फोर्ड ३१, लियाम ग्रॅहम २८. हो, आकडे बरोबर वाचलेत. एकतीस-अठ्ठावीस. एरवी या आकड्यांवर आम्ही म्हणतो, "आता फ्रेम रंगात यायला लागली." इथे ट्रॉफी दिली, ५० हजार पौंड दिले आणि लोक घरी गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम. प्रत्येक सामना एकाच फ्रेमचा (म्हणजे डावाचा), आणि ती फ्रेम दहा मिनिटांची. पहिली पाच मिनिटं एका फटक्याला १५ सेकंद, पुढची पाच मिनिटं १० सेकंद. प्रत्येक फटक्याला एक तर चेंडू पॉट व्हायला हवा (खिशात जायला हवा), नाही तर कुठला तरी चेंडू कुशनला (टेबलाच्या कडेला) लागायला हवा. फाऊल झाला की समोरचा खेळाडू पांढरा (ज्याने बाकीचे मारतात तो चेंडू) उचलून टेबलावर वाट्टेल तिथे ठेवतो. वेळ संपली की ज्याचे गुण जास्त तो जिंकला. बरोबरी झाली तर निळा चेंडू आळीपाळीने पॉट करून निकाल.

फोर्डबद्दल मला काही म्हणायचं नाही, उलट बरंच वाटलं. गडी २००१ पासून व्यावसायिक खेळतोय, लेस्टरचाच आहे, आणि पहिलं क्रमवारी विजेतेपद मिळालं तेव्हा ४१ वर्षांचा होता. २०२३ ला बर्लिनमध्ये जर्मन मास्टर्सच्या फायनलला अली कार्टरने त्याला १०-३ असा धुतला होता. म्हणजे लांब पल्ल्यात हरला, दहा मिनिटांत जिंकला. माझा प्रश्न इतकाच की २०१७ पासून ही स्पर्धा क्रमवारीसाठी धरतात, ते बरोबर आहे का? मजा म्हणून ठीक, पण याला स्नूकर म्हणायचं का?

निवांत_नाना

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून आलो की सविस्तर लिहितो.

भाऊ_डोंबिवली

यात काय एवढं! टी-ट्वेंटी आली तेव्हाही हेच रडगाणं होतं. कसोटीवाले नाकं मुरडत होते, आता तेच आयपीएलच्या तिकिटांसाठी ओळखी काढतात.

तिरपा_कोन

भाऊ, तुलना चुकली. टी-ट्वेंटीत निदान १२० चेंडू मिळतात. पहिली विकेट गेली तरी मागे दहा जण असतात. ही टी-ट्वेंटी नाही, ही सुपर ओव्हर आहे. नुसत्या सुपर ओव्हरांचा वर्ल्ड कप घ्या आणि त्यावरून आयसीसीची क्रमवारी लावा, मग बोलू.

मोरपंखी

स्नूकर म्हणजे ते हिरव्या टेबलावरचं, वेस्टकोट घालून, एकजण खेळतो आणि दुसरा पाणी पीत बसतो, तेच ना? 😀

खडूधारी

तेच, मोरपंखीताई. फक्त शूट आउटमध्ये वेस्टकोट नसतो, रंगीत शर्ट असतात. पाणी प्यायला मात्र तेवढाच वेळ मिळतो.

गणिती

जरा हिशेब करू या.

१२८ खेळाडू, बाद पद्धत, म्हणजे सात फेऱ्या. विजेता एकूण सात फ्रेम खेळतो. एकेक जास्तीत जास्त दहा मिनिटांची, म्हणजे सगळी मिळून ७० मिनिटं. आता शेफिल्डची जागतिक स्पर्धा बघा. पहिल्या फेरीत १० फ्रेम जिंकायच्या, दुसऱ्या फेरीत १३, उपांत्यपूर्वला १३, उपांत्यला १७, फायनलला १८. बेरीज ७१.

तिकडे ७१ फ्रेम जिंकाव्या लागतात (हरलेल्या वेगळ्या), इकडे ७० मिनिटं नुसती खेळावी लागतात. धागाकर्त्याच्या पोटदुखीचं मूळ मला तरी इथे सापडलं.

आणखी एक. समजा एखादा दादा खेळाडू एका फ्रेममध्ये कुणालाही हरवण्याची शक्यता ७० टक्के आहे. लागोपाठ सात जिंकण्याची शक्यता ८ टक्क्यांच्या आसपास येते. ६० टक्केवाला असेल तर ३ टक्क्यांच्या खाली. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पाऊण टक्का होतीच की!

अण्णा_ठाणेकर

+१ गणिती. ३१-२८ मध्ये फरक तीनचा. स्नूकरमध्ये कमीत कमी फाऊल चार गुणांचा, आणि ते मिळतात समोरच्याला. शेवटच्या मिनिटात फोर्डचा एक फाऊल झाला असता तर पाटीवर ग्रॅहम ३२, फोर्ड ३१. २३ वर्षांची तपश्चर्या एका फाऊलच्या आत होती. मला तर हे वाचूनच घाम फुटला.

लेस्टरवासी

आता माझा नंबर. मी लेस्टरमध्येच राहतो आणि जानेवारी २०२३ ची स्पर्धा मॉर्निंगसाइड अरेनात प्रत्यक्ष बघितली आहे. (हे मुळात लेस्टर रायडर्सचं बास्केटबॉलचं मैदान. त्यामुळे वातावरणही तसंच.)

एरवीच्या स्नूकरला गेलात तर खोकला आला तरी तोंडावर रुमाल धरून अपराध्यासारखं बसावं लागतं. इथे निवेदक माणसाला ओरडायला लावतो. माझ्या पुढच्या रांगेत पाच-सहा पोरं होती, हातात बिअर, प्रत्येक पॉटला "व्हूऽऽ". घड्याळाचे शेवटचे पाच सेकंद पी-पी-पी वाजतात. तो आवाज टीव्हीवर गमतीचा वाटतो, हॉलमध्ये डोक्यात जातो. एक खेळाडू रेस्ट (लांबच्या फटक्यासाठी क्यूला लावायचा टेकू) घ्यायला टेबलाच्या पलीकडे धावला. हो, धावला. रेस्ट घेऊन वाकला तोवर दोन सेकंद उरले होते. लांबच्या तांबड्यावर कसाबसा क्यू मारला, तांबडा राहिला बाजूला आणि पांढराच खिशात. पब्लिक खूश. समोरच्याने पांढरा उचलला आणि काळ्याच्या शेजारी असा ठेवला, जसं आपण पानात चटणी वाढतो. हळूच, जागेवर.

फायनल ख्रिस वेकलिन विरुद्ध बेल्जियमचा ज्युलियन लेक्लेर्क. वेकलिनने ११९ चा ब्रेक (एकाच पाळीत लागोपाठ मिळवलेले गुण) मारला. निकाल ११९-०. बिचारा लेक्लेर्क वीस वर्षांचा पोरगा, पहिलीच मोठी फायनल, आणि सगळा वेळ खुर्चीत. पण तो ब्रेक बघताना मला एकदाही "हे स्नूकर नाही" असं वाटलं नाही. तीच पोझिशन, तोच अंदाज, फक्त डोक्यावर पी-पी-पी.

मोरपंखी

चटणी वाढल्यासारखा पांढरा 😂 आता बघायलाच हवं.

तिरपा_कोन

लेस्टरवासींचा प्रतिसाद झकास. पण ११९-० हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. फायनलचे आकडे पाहा:

२०१९ – थेपचैया उन-नू ७४, मायकेल होल्ट ०
२०२० – मायकेल होल्ट ६४, झोउ युएलाँग १
२०२२ – होसेन वाफाई ७१, मार्क विल्यम्स ०
जानेवारी २०२३ – वेकलिन ११९, लेक्लेर्क ०
डिसेंबर २०२३ – मार्क अ‍ॅलन ६५, काओ युपेंग ०

पाच फायनल, हरलेल्या पाचांचे मिळून गुण १. मोठ्या सामन्यात पहिली फ्रेम अशी गेली तर माणूस खुर्चीत बसून विचार करतो, दुसऱ्या फ्रेमला उठून खेळ बदलतो. विल्यम्स तीन वेळा जगज्जेता आहे, त्याला ती दुसरी फ्रेमच मिळाली नाही. परत येण्याची सोय नसलेला खेळ म्हणजे खेळ नव्हे, सोडत आहे. म्हाडाची.

भाऊ_डोंबिवली

म्हाडाच्या सोडतीत निदान अनामत रक्कम परत मिळते.

क्वीन_कव्हर

थोडं अवांतर. मी कॅरमवाला. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत फटक्याला पंधरा सेकंदांची सक्ती असायची. स्ट्रायकर रेषेवर ठेवून इकडून तिकडून बघणारे, पुन्हा उचलून पुसणारे, बोरिक पावडर फुंकणारे असे नमुने होते. पंच आमचे एक काका. मांडीवर स्टॉपवॉच ठेवून फक्त "हंऽऽ" म्हणायचे. त्या "हंऽऽ"ला जे टरकायचे ते रोजच्या सरावात आमच्यात सगळ्यांत हुशार होते. आणि स्पर्धा कोण जिंकायचं? एक पोऱ्या, नेम मध्यम, पण बघितलं की मारलं. क्वीन घेतली की कव्हर कुठलं, हे त्याचं आधीच ठरलेलं असायचं.

सांगायचा मुद्दा, घड्याळ लावलं की खेळ सोपा होत नाही, वेगळ्या माणसाला सोपा होतो. ते पण कौशल्यच ना?

गणिती

@क्वीन_कव्हर, मुद्दा चांगला आहे, पण तपासता येतो. कौशल्य असेल तर तीच माणसं पुन्हा पुन्हा वर दिसायला हवीत. २०११ ते २०२४ या काळात १५ स्पर्धा झाल्या आणि विजेते १५ वेगळे आहेत! एकालाही दोनदा जमलं नाही.

जुना_क्यू

थांबा, थांबा. फक्त विजेते मोजू नका. मी ही स्पर्धा २०११ पासून बघतोय.

आधी थोडा इतिहास. पहिला प्रयोग १९९० चा, स्टोकच्या ट्रेंटहॅम गार्डन्सला. डॅरेन मॉर्गन जिंकला. मग २१ वर्षं कुणाला आठवण नाही. २०११ ला ब्लॅकपूल टॉवरच्या सर्कशीत पुन्हा सुरू झाली (हो, खरंच सर्कशीचं रिंगण आहे, टीकाकारांना आयता विनोद) आणि जिंकला कोण, तर नायजेल बाँड, वय ४५! त्यानंतर हॉकिन्स, गूल्ड, डेल, व्हाइट, फिनलंडचा रॉबिन हल. तोवर क्रमवारीचा संबंध नव्हता. २०१७ ला वॉटफर्डमध्ये क्रमवारीची झाली, अँथनी मॅकगिल जिंकला.

आता हरलेले फायनलिस्ट बघा. ग्रॅमी डॉट २०१२ आणि २०१८ ला. शिआओ ग्वोडाँग २०१५ आणि २०१७ ला. मार्क अ‍ॅलन २०१३ ला हरला आणि डिसेंबर २०२३ ला जिंकला. आणि मायकेल होल्ट लागोपाठ दोन फायनल. २०१९ ला ७४-० ने हरला, २०२० ला ६४-१ ने जिंकला! तिरपा_कोन, तुम्हीच दिलेले आकडे आहेत. नुसती सोडत असती तर एकाच माणसाची चिठ्ठी लागोपाठ दोन वर्षं निघाली असती का? होल्ट लयीत खेळणारा माणूस. विचार करायला लागला की बिघडायचा. घड्याळाने त्याला विचारच करू दिला नाही.

गणिती

निघाली असती 🙂 १२८ जणांत गेल्या वर्षीच्या दोघांपैकी एक पुन्हा फायनलला यायची शक्यता साधारण ३२ त एक. २०१७ पासून २०२४ पर्यंत अशा आठ जोड्या होतात. म्हणजे निव्वळ नशिबानेही पाचात एकदा हे घडेल. पण डॉट, शिआओ, अ‍ॅलन, होल्ट असे चौघे एकत्र धरले तर मला थोडं मागे हटावं लागेल. सोडत नाही, पण सोडतीच्या शेजारी राहते असं म्हणू.

अण्णा_ठाणेकर

गणिती मागे हटले! या प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे.

निवांत नाना, रुमाल वाळला का?

खडूधारी

जुना_क्यू, मनापासून धन्यवाद. पण मूळ मुद्दा क्रमवारीचा होता. स्नूकरची क्रमवारी म्हणजे दोन वर्षांत मिळवलेली बक्षिसाची रक्कम. पहिल्या ६४ त असाल तर व्यावसायिक कार्ड (व्यावसायिक स्पर्धांत खेळायचा परवाना) राहतं. तळाच्या खेळाडूला ५० हजार पौंड म्हणजे दोन वर्षांची तजवीज. एक संध्याकाळ चांगली गेली म्हणून एकाचं कार्ड राहतं आणि वर्षभर पात्रता फेऱ्यांत राबणाऱ्या दुसऱ्याचं जातं.

जुना_क्यू

राहतं, पण दोनच वर्षं. मायकेल जॉर्जिओ फेब्रुवारी २०१८ ला जिंकला. दोन वर्षांनी ते पैसे हिशेबातून गळले आणि २०२० च्या हंगामाअखेर त्याचं कार्ड गेलं. होल्ट फेब्रुवारी २०२० ला जिंकला, २०२२ ला तोही बाहेर. सरकारी योजनेसारखं आहे, मुदत संपली की मूळ पदावर.

उलट उदाहरणही आहे. वाफाई जानेवारी २०२२ ला जिंकला. क्रमवारी स्पर्धा जिंकणारा पहिला इराणी. व्हिसाच्या घोळात या माणसाची उमेदीची वर्षं फुकट गेली होती. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रूसिबलला (शेफिल्डच्या जागतिक स्पर्धेचं नाट्यगृह) खेळणारा पहिला इराणीही तोच. आता हा आत्मविश्वास त्या दहा मिनिटांनी दिला की आधीचाच होता, ते तो जाणे. पण दहा मिनिटं त्याच्या कामी आली नाहीत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोरपंखी

यात आपलं कुणी नाही का? सगळी नावं परदेशी.

क्वीन_कव्हर

अहो, खेळच आपल्याकडे जन्मला. १८७५, जबलपूर, इंग्रज फौजेचा मेस, पावसाळ्यात करायला काही नाही. श्रेय नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याला देतात (पंतप्रधान तो वेगळा).

जुना_क्यू

आणि शूट आउटचे दोन विजेते आपल्याकडे जिंकून गेलेले आहेत. मायकेल व्हाइट २०१५ ला शूट आउट जिंकला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत इंडियन ओपन. फायनलला रिकी वॉल्डनला ५-०. मॅकगिल २०१६ ला हैदराबादची इंडियन ओपन जिंकला आणि पुढच्या वर्षी शूट आउट. त्याआधी २०१३ ला दिल्लीत आपला मुंबईचा आदित्य मेहता थेट फायनलला पोचला होता, डिंग जुनहुईकडून हरला. मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा व्यावसायिक सर्किटवर खेळत २०२४ च्या इंग्लिश ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता.

आणि पंकज अडवाणी! जन्म पुण्याचा, हे पुणेकर सांगतीलच.

सदाशिव_पेठी

सांगणारच होतो. बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्सही पुण्याचेच. जन्म १९२२.

भाऊ_डोंबिवली

आले! 😂

जुना_क्यू

पंकजचा उल्लेख मुद्दाम केला. बिलियर्ड्समध्ये हा वाद आधीच होऊन गेलाय. जागतिक स्पर्धेचे दोन प्रकार असतात, एक गुणांचा, छोट्या डावांचा, दुसरा वेळेचा, लांबलचक. २००५ ला माल्टात पंकजने दोन्ही जिंकले. तो सहा तांबड्यांच्या झटपट स्नूकरचाही जगज्जेता आहे. पण दोन्ही प्रकारांची विजेतेपदं वेगळी मोजली जातात. मला वाटतं शूट आउटवर तोडगा हाच. ट्रॉफी द्या, पैसे द्या, वेगळ्या वहीत लिहा.

तिरपा_कोन

याला माझं अनुमोदन. धाग्यावर पहिल्यांदाच.

लेस्टरवासी

मला एक सांगा, हळू खेळणं म्हणजेच खरं स्नूकर हे कुणी ठरवलं? रॉनी ओ'सलिव्हनने १९९७ ला शेफिल्डमध्ये १४७ (ब्रेकचा कमाल आकडा) मारला तो ५ मिनिटं २० सेकंदांत, अशी तेव्हाची नोंद. नंतर पुन्हा मोजलं तर ५:०८ निघालं. ३६ फटके. ५:२० धरले तरी फटक्याला नऊ सेकंद पडत नाहीत. शूट आउटच्या शेवटच्या, दहा सेकंदांच्या टप्प्यातही सरासरीने बसेल.

आणि त्याच रॉनीसमोर २००५ च्या जागतिक स्पर्धेत पीटर एब्डनने १२ चा ब्रेक करायला पाच मिनिटांहून जास्त घेतली. बारा! आणि सामना एब्डनच जिंकला, १३-११. दोघंही स्नूकरच खेळत होते. मग दहा मिनिटंवाल्यांनीच काय घोडं मारलंय?

बाकी गर्दीबद्दल एकच. २०२१ ला कोविडमुळे मिल्टन कीन्सला रिकाम्या हॉलात स्पर्धा झाली होती, रायन डेने सेल्बीला ६७-२४ हरवलं. ती बघा. ओरडणारी पोरं नाहीत, नुसता पी-पी-पी. लग्नाच्या हॉलात बॅन्ड आहे आणि वऱ्हाडच नाही, तसं.

खडूधारी

मंडळी, इतके प्रतिसाद होतील असं वाटलं नव्हतं. म्हणून काल प्रयोग करून आलो.

आम्ही तिघं दर शनिवारी एका स्नूकर पार्लरमध्ये जातो. वर्षानुवर्षांचा नियम एकच, टेबलाचं भाडं हरणाऱ्यावर. काल मी मोबाइलवर टाइमर लावला आणि शूट आउटचे नियम वाचून दाखवले. तिसऱ्या मित्राला पंच केलं.

पहिली गोष्ट, पंधरा सेकंद म्हणजे काहीच नसतात. मला खडू लावायची सवय आहे, प्रत्येक फटक्याला तीन वेळा (आयडी उगाच नाही). खडू लावण्यातच सात सेकंद जातात! दोन फाऊल खडूपायी गेले. दुसरी गोष्ट, पहिल्या पाच मिनिटांत आमच्या दोघांचे मिळून गुण ११, त्यातले आठ फाऊलचे. तिसरी आणि खरी गोष्ट. साडेआठ मिनिटांना मी १९-१४ पुढे होतो आणि माझ्या डोक्यात पॉट हा विषयच उरला नव्हता. नऊ सेकंद उभं राहायचं, दहाव्याला पांढरा कुशनपर्यंत ढकलायचा. मी, जो आयुष्यभर "सेफ्टी (पॉट सोडून समोरच्याला अडवणारा फटका) म्हणजे भ्याडपणा" म्हणत आलो! शेवटच्या मिनिटात मित्राने एक तांबडा घातला (एक गुण), मग गुलाबी (सहा). १९-२१. टाइमर वाजला तेव्हा मी रेस्ट शोधत होतो.

हात थरथरत होते, हे लिहायला लाज वाटत नाही. पार्लरमध्ये इतक्या वर्षांत कधी थरथरले नव्हते.

क्रमवारीबद्दलचं मत तेच आहे. वेगळ्या वहीत लिहा. "याला स्नूकर म्हणायचं का" हा प्रश्न मात्र मागे घेतो.

अण्णा_ठाणेकर

दहा मिनिटं खेळलात, मग भाडं किती लागलं?

खडूधारी

मालकाने अर्ध्या तासाचं लावलं. म्हणाला, दहा मिनिटांचा रेट नाही आमच्याकडे. हरलो मीच, भरलेही मीच.

गणिती

म्हणजे मिनिटाचा दर तिप्पट. झटपट प्रकार खेळाडूंना महागच पडतो तर.

निवांत_नाना

आलो. सगळा धागा वाचला. मला जे लिहायचं होतं ते वर सगळ्यांनी लिहून टाकलंय. रुमाल परत घेतो.

तिरपा_कोन

टाइम फाऊल! नाना, पाच दिवस झाले. पांढरा कुठे ठेवू?